एल्डनची कोरी कार्डं

एल्डन हार्म्सने मला पहिलं पोस्टकार्ड दिलं तेव्हा मी ते घेतल्याघेतल्या उलटं केलं. पाठ कोरी. कुणीही हेच करेल की नाही? पोस्टकार्डाच्या एका बाजूला चित्र असतं आणि दुसऱ्या बाजूला माणूस असतो. मी पुन्हा पुढून पाहिलं, पुन्हा मागून पाहिलं आणि म्हटलं, "छान आहे. पण यावर काही लिहिलेलंच नाही."

"नाहीच मुळी," एल्डन म्हणाला. एवढा खूश मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता. "शंभरच्या वर वर्षं झाली, पेन म्हणून टेकलेलं नाही. कोपरे बघा. चारही शाबूत."

मी कोपरे बघितले. होते खरे शाबूत. मग त्याने टोपी डोक्यावर चढवली, मान हलवली आणि दक्षिणेच्या दारातून चालता झाला.

हे घडलं आमच्या लिंकनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे नेब्रास्काच्या विधानभवनात, माझ्या नोकरीच्या जागी. मी तिथे लोकांना इमारत दाखवते. शाळेतल्या पोरांचे घोळके, बसमधून उतरलेली म्हातारी जोडपी, नुसते बाथरूम शोधत आत शिरलेले लोक, सगळ्यांना मी एकच इमारत एकाच उत्साहाने दाखवते. मनोऱ्याच्या टोकावर बी पेरणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. तो वादळात पडत का नाही, हा पोरांचा ठरलेला प्रश्न, आणि त्याचं माझं ठरलेलं उत्तर आहे. ड्वेन, माझा नवरा, गेल्यानंतर घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा या भिंतींबद्दल बोलावं म्हणून मी हे काम धरलं, आणि मला ते मनापासून आवडतं.

एल्डन दर गुरुवारी दोनच्या फेरीला यायचा. घोळक्याच्या मागे उभा राहायचा, टोपी छातीशी धरून, आणि सगळं पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचा. माझं भाषण त्याला तोंडपाठ होतं. एकदा मला मध्येच ठसका लागला तेव्हा पुढचं वाक्य त्यानेच सांगून टाकलं आणि मग लाजेने लालबुंद होऊन खांबाआड गेला.

"आला गं तुझा गुरुवार," माझ्याबरोबर माहितीच्या टेबलाशी बसणारी मार्जीन म्हणायची. "केस नीट कर."

"गप बस. पोस्टकार्डं विकतो तो. इमारतीसाठी येतो."

"इमारत सोमवारी पण असते, रोझेला."

मार्जीनच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. पण एल्डन पोस्टकार्डं विकायचा हे खरं. आधी आयुष्यभर धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायचं काम केलं, आणि ते चालू असतानाच जुन्या पोस्टकार्डांचा नाद लागला. आता जुन्या वस्तूंच्या मोठ्या दुकानात त्याचं स्वतःचं एक कपाट होतं आणि वर्षातून चार-पाच प्रदर्शनांत टेबल. लग्न केलं नाही. भाऊबहीण कुणी नाही. बोलायचा इतका कमी की त्याच्याकडून हवामान काढून घ्यायलासुद्धा दोन प्रश्न विचारावे लागायचे.

पहिल्या कार्डानंतर दर गुरुवारी एक कार्ड यायला लागलं. प्रत्येक कार्ड पातळ पारदर्शक पाकिटात, आणि प्रत्येकावर कॅपिटॉल. आत्ताचं मनोऱ्याचं नाही, त्याच्या आधीचं, घुमटाचं. ती कार्डं त्या काळी जर्मनीत छापून यायची, आणि रंग भरणाऱ्याने नेब्रास्का जन्मात बघितलेलं नसायचं. त्यामुळे एका कार्डावर घुमट हिरवा, दुसऱ्यावर विटकरी, एकावर आकाश चक्क गुलाबी. एकावर तर मागे डोंगर होते. लिंकनमध्ये डोंगर! आमच्याकडे पुलाचा चढ चढलं तरी लोक गाडी थांबवून देखावा बघतात.

मला कार्डं आवडायची. खोटं का बोला? पण प्रत्येक कार्ड मी उलटं करायची, आणि प्रत्येकाची पाठ कोरी असायची. सुरुवातीला वाटलं, पुढच्या वेळी लिहील. निदान तारीख. निदान "रोझेलाला, एल्डनकडून." मग वाटायला लागलं की याच्याकडे लिहिण्यासारखं काही नाहीच. दुकानात पडून राहिलेला माल असेल, मला आणून देतोय, जसं शेजारची बाई ऑगस्टमध्ये परसात जास्त झालेली झुकिनी आणून देते.

आता मुद्द्याचं. माझी मुलगी शेरिल फीनिक्सला असते. तिने घराला एक खोली वाढवली, वेगळं बाथरूम, वेगळा दरवाजा, आणि दर रविवारी फोनवर मला त्या खोलीचं वर्णन ऐकवायची. खोली माझ्यासाठी होती. माझं इथलं घर विकायचं, पानं झाडायची कटकट संपवायची, बर्फ उपसायची कटकट संपवायची, आणि उन्हात जाऊन बसायचं. मुलगी गुणी आहे. तिचं काहीच चूक नव्हतं. "आई, ऑक्टोबर संपायच्या आत हो की नाही सांग," ती म्हणाली. "घर विकून देणारी बाई एक तारखेला अंगणात पाटी लावायला येईल."

मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि "मला माझं अंगण आवडतं" हे कारण सत्तरीच्या बाईच्या तोंडून कुणाला पटत नाही. खरं कारण काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. ते दर गुरुवारी दोन वाजता यायचं, मला कोरं कार्ड द्यायचं आणि न बोलता निघून जायचं. त्याने एकदा, फक्त एकदा, थांबा म्हटलं असतं तर मी थांबले असते. तो म्हणेल का, एवढाच प्रश्न होता, आणि ऑक्टोबर उजाडला होता.

शेवटी मीच विषय काढला. "एल्डन, मी बहुतेक फीनिक्सला जाणार. कायमची."

तो टोपीची कड फिरवत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी. मार्जीनने समोरची माहितीपत्रकं सारखी करायचं नाटक चालवलं होतं, तीही थांबली.

"तिथलं जुनं कॅपिटॉल लहान आहे," एल्डन म्हणाला. "पण घुमट तांब्याचा आहे. कार्डं बरीच मिळतात त्याची."

आणि गेला.

"धन्य आहे बाई," मार्जीन म्हणाली.

पुढच्या गुरुवारी तो आला तेव्हा पाकीट जाड होतं, आतून पुठ्ठा लावलेला. या वेळचं कार्ड छापील नव्हतं, खरा फोटो होता, काळा-पांढरा. मी तिथे इतकी वर्षं बोलतेय, पण तसा फोटो बघितला नव्हता. आमचं आत्ताचं कॅपिटॉल बांधलं तेव्हा जुनं आधी पाडलं नाही. जुन्यात कारभार चालू ठेवला आणि त्याच्या भोवतीने नव्याच्या भिंती उभारत नेल्या, आणि कचेऱ्या नव्यात हलल्यावर मगच आतलं जुनं उतरवलं. हे मी रोज सांगते. पण इथे ते दिसत होतं. चारी बाजूंनी कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि मधोमध जुना घुमट डोकं वर काढून उभा. खाली रस्त्यात एक माणूस सायकल धरून वर बघत होता.

"एल्डन," मी म्हटलं, "हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"आहे बरीच वर्षं माझ्याकडे," तो म्हणाला. "घ्या. जाताना असू दे बरोबर."

जाताना असू दे! मी कार्ड उलटं केलं. कोरं. अगदी कोरं, धुतल्या बशीसारखं. मला असा राग आला म्हणता. सत्तर वर्षांची बाई आपलं घरदार मोडून वाळवंटात निघालीय, आणि हा माणूस तिला प्रवासाला चित्र देतोय.

घरी जाऊन मी चिली, म्हणजे आमच्याकडचा खिमा-राजम्याचा रस्सा, गरम केली, तिच्याबरोबर खायचा दालचिनीचा गोड रोल काढला आणि दोन्हीकडे नुसती बघत बसले. मग उठले, पाकिटातून कार्ड काढलं, फोनजवळचं निळं बॉलपेन घेतलं आणि पाठीवर डाव्या बाजूला लिहिलं:

"एल्डन, कार्डाची ही बाजू लिहायला असते. तुम्हाला काही लिहायचं असेल तर महिना संपायच्या आत लिहा. रोझेला."

उजवीकडे त्याचं नाव आणि पत्ता घातला, वर तिकीट चिकटवलं आणि त्याच पावली कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले. चिली पुन्हा गरम करावी लागली, पण दोन वाट्या खाल्ल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी एल्डन आला नाही. मी दोनची फेरी घेतली, मागच्या खांबाशी कुणी नव्हतं, आणि मी मनोऱ्याची उंची चुकीची सांगितली. शुक्रवारी मार्जीन माझ्याकडे गुन्हेगाराकडे बघावं तशी बघत आली. तिचा दीर व्हर्लिन जुनी पोस्टकार्डं जमवणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे.

"रोझेला, खरं सांग. तू त्याच्यावर लिहिलंस?"

"कशावर?"

"आतल्या घुमटाच्या फोटोवर! बॉलपेनने?"

"पोस्टकार्डावर लिहिलं. त्याच्यावर लिहायचं नाही तर काय, भरतकाम करायचं?"

"आणि टपालात टाकलंस?" तिने खुर्ची ओढली आणि बसली. "व्हर्लिन म्हणाला, टपालाच्या यंत्राच्या काळ्या रेघा उमटल्यात त्याच्यावर. म्हणाला, त्याच्या माहितीत तसं दुसरं कार्ड कुणाकडे नाही. अख्खं मंडळ एकमेकांना फोन करतंय."

दुपारी व्हर्लिन स्वतः आला. मला वाटतं, मी दिसते कशी ते बघायला आला होता. गुडघ्यापर्यंत पोचणारा टाय, शर्टाला घुमटाची पिन.

"हे बघा बाई," तो म्हणाला, "तुम्हाला आमच्यातलं माहीत नाही म्हणून सांगतो. आमच्यात लिहिलेलं कार्ड वेगळं आणि न लिहिलेलं वेगळं. लिहिलेली पोत्याने पडलीत. पण जुनं, चांगलं आणि कोरं, असं कार्ड माणूस एकतर मरेपर्यंत ठेवतो किंवा मरताना मंडळाला देतो."

"एल्डनने तर मला डझनाने दिली."

व्हर्लिनने टायची गाठ सैल केली. मग म्हणाला, "फुकट?"

"मग काय मी त्याच्याकडून विकत घेईन?"

"एल्डन हार्म्सने कुणाला कार्ड फुकट दिल्याचं मी ऐकलेलं नाही," व्हर्लिन म्हणाला. "स्वतःच्या मावशीला त्याने विकलं. तिच्याच घराचा फोटो होता." आणि डोकं खाजवत, काहीतरी नवीनच कळल्यासारखा माझ्याकडे बघत बघत गेला.

मी तिथेच टेबलाच्या कडेवर बसले. मला आधी हसू आलं, आणि मग माझीच मला लाज वाटली. माणूस माझ्यापुढे दर आठवड्याला त्याच्याजवळचं सगळ्यात चांगलं आणून ठेवत होता. पाठ कोरी होती हेच त्यात चांगलं होतं, आणि मी मात्र दर वेळी ते पालथं घालून नाक मुरडत होते. आणि आता त्याचं सगळ्यात लाडकं कार्ड मी निळ्या शाईने रंगवून यंत्राखालून काढलं होतं. तो आला नाही यात नवल काय? पुढच्याही गुरुवारी तो आला नाही.

"फोन कर त्याला," मार्जीन म्हणाली.

"आणि काय म्हणू? खोडरबर आहे का विचारू?"

शेरिलला मी सांगून टाकलं की येते. अगदी तशा शब्दांत नाही, पण "बघू, बहुतेक हो," असं म्हटलं, आणि तिने आनंदाने खोलीला पडदे घेतले. अंगणात पाटी लागायला चार दिवस उरले होते. मी कपाटं उपसायला काढली. ड्वेनचे बूट, शेरिलची शाळेतली चित्रं, आणि स्वयंपाकघराच्या खणात एल्डनची कार्डं. ती मी बॉक्समध्ये भरायला घेतली, भरली, आणि परत काढली. ती घेऊन जाण्याचा मला काही हक्क आहे असं वाटेना. म्हटलं, निदान ही तरी त्याला परत करावीत, अजून कोरी आहेत तोवर.

शनिवारी मंडळाचं प्रदर्शन होतं, जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये. व्हर्लिनला हॉल अगदी सहज मिळाला होता, आणि का मिळाला ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. फुटबॉलचा घरचा सामना त्याच दिवशी. नेब्रास्कात ज्याला शुद्ध आहे असा माणूस सामन्याच्या शनिवारी कसलंही प्रदर्शन ठेवत नाही, लग्नसुद्धा ठेवत नाही. अख्खं शहर संघाचे लाल शर्ट घालून सामन्याला निघालेलं आणि मी एकटी उलट्या दिशेने, निळ्या कोटात. दोन गाड्यांनी माझ्याकडे बघून हॉर्न वाजवला.

हॉलमध्ये टेबलांमागे विक्रेते आणि टेबलांपुढे कुणीच नाही. रेडिओवर सामना लावलेला. व्हर्लिन कॉफीच्या टाकीशी तोंड लपवून उभा होता. गिऱ्हाईक म्हणावं असा एकच माणूस होता, ओमाहाचा दंतवैद्य, डॉक्टर क्लेटन, आणि तो एल्डनच्या टेबलाशी उभा होता. एल्डनची पाठ माझ्याकडे होती. मी कार्डं लावलेल्या एका फिरत्या मांडणीआड थांबले. चोरून ऐकायचा विचार नव्हता, पण दोघं बोलतायत म्हटल्यावर मध्ये कसं घुसायचं?

"ते आतल्या घुमटाचं कार्ड," क्लेटन म्हणत होता. "ते तुमच्याकडे परत आलं म्हणे."

"आलं."

"कुणा बाईने त्यावर खरडलंय."

"लिहिलंय," एल्डन म्हणाला.

"बॉलपेनने?"

"निळ्या."

"अरेरे. आणि रेघा?"

"आहेत. खालच्या बाजूला."

क्लेटनने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. दात किडलेला दिसला की काढत असेल तसा. "तरी मी घेईन. दुसरं मिळायचंच नाही. तुम्ही म्हणाल ते."

"विकायचं नाही."

"एल्डन, आता खराब झालंय ते. दुसरं कोण घेणार?"

"ते कार्ड नाही हो, डॉक्टर," एल्डन म्हणाला. "पत्र आहे. मला आलंय."

क्लेटन हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय. पण एल्डनने दोन्ही हात टेबलावरच्या खोक्यांवर ठेवले, आणि मी त्याला एका दमात बोलताना ऐकलं नव्हतं इतकं तो बोलला.

"या खोक्यांत हजारोंनी पत्रं आहेत. प्रिय मिनी, प्रिय गस, प्रिय आत्या, आम्ही सुखरूप पोचलो. मी सगळी वाचतो. जेवताना वाचतो. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं वाचतोय, आणि माझ्या नावाचं हे पहिलं आहे. बिलं येतात, ते वेगळं. हे माझ्या नावाचं आहे, आणि तिने हाताने लिहिलंय."

मला रडू आलं. मी काही उगीच रडणारी बाई नाही, पण आलं. डोळे पुसायला रुमाल काढताना कोपर लागलं आणि ती फिरती मांडणी करकरत गरागरा फिरली, आणि दोघांनी वळून बघितलं.

आता लपण्यात काय अर्थ होता? मी सरळ पुढे गेले.

"मग उत्तर द्यायला काय झालं होतं?"

एल्डन उठला, खुर्ची मागे पडली, ती उचलायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. "देतोय," तो टेबलाखालून म्हणाला. "चाललंय."

"काय चाललंय?"

त्याने टेबलाखालून बुटाचं एक खोकं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. खोक्यात कार्डं होती. कॅपिटॉलची, जुनी, हिरवे घुमट, विटकरी घुमट, गुलाबी आकाश. आणि प्रत्येकावर चित्राखाली जी बोटभर पांढरी पट्टी असते तिच्यात एल्डनचं बारीक, वजनकाट्याच्या पावतीवर असायचं तसं अक्षर.

क्लेटनने वाकून बघितलं. "ही... ही कोरी होती?"

"होती," एल्डन म्हणाला.

"सगळी?" असं म्हणून डॉक्टर एल्डनच्या खुर्चीवर बसला आणि कुणीतरी त्याच्यासाठी कॉफी आणली.

मी वाचायला लागले. "प्रिय रोझेला, तुझं पत्र मिळालं. इथे हवा बरी" आणि पट्टी संपली. दुसरं घेतलं. "प्रिय रोझेला, फीनिक्सच्या घुमटाबद्दल मी जे बोललो ते" आणि पट्टी संपली. "प्रिय रोझेला, मी बोलण्यात हुशार नाही हे तुला" संपली. "प्रिय रोझेला, दर गुरुवारी दोन वाजता मला दुसरीकडे कुठेही" संपली.

"अरे, हे सगळं अर्धवट का?"

"जागा पुरत नाही."

मी कार्ड उलटं केलं. "ही एवढी पाठ मोकळी आहे की!"

"पाठीवर नाही लिहायचं," एल्डन म्हणाला, आणि बोटाने दाखवलं. तिथे बारीक अक्षरांत छापलेलं होतं की ही बाजू फक्त पत्त्यासाठी आहे. "या जातीच्या कार्डांवर मजकूर पुढेच लिहायचा. टपालखात्याचा तसा नियम होता."

"होता म्हणजे कधी?"

"एकोणीसशे सातपर्यंत."

"आणि आता कोणतं साल चाललंय?"

एल्डनने प्रामाणिकपणे विचार केला. "पण कार्ड एकोणीसशे पाचचं आहे," तो म्हणाला.

व्हर्लिनने कॉफीच्या टाकीपाशी मान डोलावली. त्याला ते अगदी पटलं. मी दोघांकडे बघितलं आणि मला इतकं हसू फुटलं की टेबल धरावं लागलं. हा माणूस दोन आठवडे घरात बसून, शंभर वर्षांपूर्वी मेलेला नियम पाळत, एकामागून एक कार्ड नासत होता.

"नंतरची कार्डं नव्हती का तुझ्याकडे? पाठीवर लिहायची?"

"होती. पण ही जास्त चांगली आहेत," एल्डन म्हणाला. "तुला वाईटातली कशी पाठवू?"

सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. रेडिओवर कुणीतरी बॉल घेऊन पळत होतं आणि कुणालाच त्याचं काही पडलेलं नव्हतं. मी माझ्या पर्समधून पेन काढलं.

"एल्डन, थोडक्यात लिही. पट्टीत मावेल एवढंच. पण पूर्ण लिही."

त्याने खोक्यातून आणखी एक कार्ड काढलं, न लिहिलेलं. क्लेटनने डोळे मिटून घेतले. एल्डनने चष्मा लावला, पेन धरलं, ठेवलं, हात पँटला पुसला आणि पुन्हा धरलं. पट्टीवर त्याने दोनच शब्द लिहिले. जाऊ नकोस. मग जागा शिल्लक आहे हे बघून त्याला स्वतःलाच नवल वाटलं, आणि पुढे त्याने आपलं नाव लिहिलं.

त्याने कार्ड माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही.

"असं हातात नको," मी म्हटलं. "पाठ पत्त्यासाठी आहे ना? मग पत्ता घाल. तिकीट लाव. मला ते टपालाने हवंय."

"यंत्रातून जाणार ते?" क्लेटनने विचारलं.

"जाणार," एल्डन म्हणाला, आणि त्याने माझा पत्ता लिहिला. गल्ली, घराचा नंबर, पिनकोड, सगळं, मला काहीही न विचारता.

घरी आल्यावर मी शेरिलला फोन लावला. म्हटलं, पाटीवाल्या बाईला येऊ नको म्हणून सांग, मला इथेच राहावं लागणार आहे, माझं टपाल यायचंय.

"आई, टपाल काय, ते इकडे वळवून घेता येतं," ती म्हणाली. "नुसता पत्ता बदलून द्यायचा."

"माहीत आहे गं," मी म्हटलं. "पण मला नाही बदलायचा."